रजेचा अर्ज आणि आरामाची बाग

सरकारी नोकरीतल्या निरोप समारंभात बरेच जण एक गोष्ट अभिमानाने सांगतात, "तीनशेच्या तीनशे रजा शिल्लक आहेत." अर्जित रजा ३०० दिवसांपर्यंत साठवता येते आणि नोकरी संपताना तिचे पैसे मिळतात. शासकीय मराठीत या व्यवहाराला नाव आहे 'रजा रोखीकरण'. सांगणाऱ्याच्या चेहऱ्यावर तेज असतं, श्रोते टाळ्या वाजवतात. या तीनशे दिवसांत गृहस्थांना पोरांबरोबर पत्ते खेळता आले असते, आजारी आईपाशी बसता आलं असतं किंवा नुसतं गॅलरीत उभं राहता आलं असतं, असं त्या टाळ्यांत कुणी म्हणत नाही. न घेतलेली रजा ही शौर्याची बाब आहे, आणि घेतलेल्या रजेला कारण लागतं.

'रजा' हा शब्द अरबी. मूळ अर्थ संतोष, खुशी; त्यावरून संमती. रझा, मुर्तझा ही नावं त्याच धातूची. फारसीतून आपल्याकडे येईपर्यंत संमतीचा अर्थ वर आला आणि खुशी मागे राहिली. धनी राजी झाला तर चाकराने जायचं. म्हणजे रजेत खुशी अजूनही आहे, फक्त ती घेणाऱ्याची नसून देणाऱ्याची आहे. 'राजी' हा शब्द याच घरातला, आणि 'राजीनामा'ही. राजीनामा म्हणजे मुळात संमतीपत्र. मुंबई इलाख्याच्या महसुली व्यवहारात जमीन सोडणारा खातेदार राजीनामा लिहून देई आणि ती घेणारा कबुलायत. पुढे माणसं जमिनीऐवजी नोकऱ्या सोडू लागली. रजा मिळाली नाही म्हणून एखादा राजीनामा देतो तेव्हा व्युत्पत्तीच्या अंगाने त्यात काहीच विचित्र नाही. एकाच धातूच्या एका रूपाने काम होत नाही म्हणून तो दुसरं वापरतो.

'अर्जित' या विशेषणाकडेही बघण्यासारखं आहे. अर्जित म्हणजे कमावलेली. आधी राबा, मग त्या राबण्याच्या बदल्यात थोडी रजा तुमच्या नावावर जमा होईल. कार्यालयाचा हा नियम ठीकच आहे. तो आपण घरी कधी नेला हे मात्र कळलं नाही. आता रविवारी दुपारीसुद्धा आपण मनातल्या मनात बघतो, आज पडून राहण्याइतकं कमावलंय का?

'सुटी' त्या मानाने साधी. सुटी की सुट्टी यावर शुद्धलेखनवाल्यांनी खुशाल भांडावं. हिंदीतल्या 'छूटना'चं मराठीत 'सुटणे' होतं, जशी छुरीची सुरी आणि मच्छाचा मासा. शाळा सुटते, गाडी सुटते, दावं सुटतं. सुटण्यासाठी आधी बांधलेलं असावं लागतं, एवढी एक अट या शब्दात आहे. पण सुटल्यावर कुठे जायचं, काय करायचं, याबद्दल शब्द काही विचारत नाही. विचारतो तो आपण. "सुटीत काय केलंस?" हा प्रश्न शाळेपासून पाठीस लागतो आणि "काही नाही" हे उत्तर कुठल्याच इयत्तेत गुण मिळवून देत नाही. सुटी 'सत्कारणी लावायची' असते. सुटीच्या सदुपयोगावर निबंध लिहिलेल्या मुलाने मोठेपणी निर्धास्तपणे लोळावं अशी अपेक्षा करणंही चूक आहे.

आता 'विश्रांती'. हा शब्द उघडला की आत 'श्रम' निघतो. श्रम् म्हणजे दमणं, कष्टणं. श्रांत म्हणजे दमलेला. वि-श्रांत म्हणजे ज्याचं ते दमणं संपलं तो. 'श्रमण' म्हणजे तप करून स्वतःला कष्टवणारा, आणि 'आश्रम' ही मुळात तपाच्या कष्टांची जागा. निवृत्तीनंतर वृद्धाश्रमात जाणाऱ्यांना हे सांगू नये. तर, विश्रांतीला आधी श्रम लागतातच, त्याशिवाय शब्दच तयार होत नाही. गणेशोत्सव पार पडला की मंडळाचे कार्यकर्ते 'श्रमपरिहारा'चं जेवण ठेवतात, तिथेही तोच क्रम. ज्याने खुर्च्या उचलल्या नाहीत त्याने त्या पंगतीत बसू नये असा संकेत आहे (पाळला जात नाही ते सोडा).

याच विश्राम शब्दाचं घरगुती रूप 'विसावा'. ग्रामाचा गाव झाला, नामाचं नाव झालं, तसा विश्रामाचा विसावा झाला. रूप बदलताना त्याने एक चांगली गोष्ट केली, श्रमाची खूण पुसून टाकली. 'विसावा' ऐकताना कुणाला 'श्रम' ऐकू येत नाही. शिवाय हा शब्द रस्त्यावरचा झाला. आषाढीच्या वाटेवर पालखीचे विसावे ठरलेले असतात. वारकरी तिथे टेकतो, पाणी पितो, आणि पंढरपूर किती राहिलं म्हणून तळमळत नाही, कारण विसावा हा वारीच्या वेळापत्रकातच आहे. तो वारीतून चोरलेला नाही. स्मशानाच्या वाटेवरही विसावा असतो. तिरडी क्षणभर खाली ठेवतात, खांदेकरी जागा बदलतात. शेवटच्या प्रवासालासुद्धा मध्ये थांबण्याची सोय या भाषेने ठेवली आहे.

पण सगळ्यांत रंजक इतिहास 'आराम'चा. आपण त्याला फारसी समजतो आणि तो फारसीतूनच आला. पण संस्कृतातही आराम आहे, त्याचा अर्थ बाग. श्रावस्तीला अनाथपिंडिकाने बुद्धाला दिलेलं जेतवन हा आराम होता. भिक्षूंच्या विहाराला संघाराम म्हणत. हे दोन आराम योगायोगाने सारखे दिसत नाहीत. भारतीय आणि इराणी भाषा एकाच कुळातल्या, आणि दोन्हींकडे मुळाशी एकच धातू आहे, रम्. या रम् चे जुने अर्थ दोन: थांबणं आणि रमणं. विराम, उपरम यांत तो थांबतो. रमणीय, मनोरम यांत तो आनंदतो. अवेस्तेत रामन् ही शांततेची देवता आहे, आणि पारशी पंचांगात महिन्याचा एकविसावा दिवस तिच्या नावाने 'राम' म्हणून ओळखला जातो. (एकविसाव्यातल्या 'विसाव्या'चा आपल्या विसाव्याशी काही संबंध नाही, पण योग छान जुळला आहे.)

थांबणं आणि आनंदणं या दोन क्रियांना एकच धातू पुरावा, हे मला फार महत्त्वाचं वाटतं. आरामात श्रम नाही, परवानगी नाही, कमाई नाही, बंधनही नाही. बाग कुणाच्या तरी मालकीची असेल, पण तिच्यात बसलेल्याला कुणी "आधी काय केलंस?" असं विचारत नाही. मराठीत त्याला आणखी एक अर्थ आहे. "औषधाने आराम पडला का?" असं आपण विचारतो तेव्हा आराम म्हणजे दुखणं ओसरणं.

अशा शब्दाचं नशीब बघा. स्वतंत्र भारताच्या पहिल्या पंतप्रधानांनी देशाला घोषणा दिली, 'आराम हराम है'. ती सरकारी कचेऱ्यांच्या भिंतींवर चढली. हराम अरबी, आराम फारसी. दोघांचं नातं फक्त यमकाचं. देश नवा होता, धरणं बांधायची होती, नेहरूंच्या घाईमागचं कारण कुणालाही पटेल. पण यमकात एक वाईट खोड असते, त्यात म्हटलेलं खरं वाटू लागतं. धरणं बांधून झाली, तरी घोषणा डोक्यातून उतरली नाही.

महाराष्ट्राला ती घोषणा उपरी वाटण्याचं कारणही नव्हतं. दासबोधाच्या अठराव्या दशकात निद्रानिरूपणाचा समास आहे. जांभया, आळोखेपिळोखे, घोरणं, झोपेत बरळणं, सगळ्यांची समर्थांनी खरपूस नोंद केली आहे. वाचताना हसू येतं, आणि मग आपण काल कसे झोपलो होतो ते आठवून जरा गप्प व्हायला होतं. पुढे टिळकांनी मंडालेच्या तुरुंगात बसून निवृत्तीऐवजी कर्मयोगाची बाजू मांडणारं गीतारहस्य लिहिलं, ते १९१५ मध्ये छापून आलं. प्रयत्न आणि कर्म ही दोन नाणी आपल्याकडे शतकानुशतकं चालली आहेत. 'निकामी' हा शब्दच घ्या. निष्कर्म, म्हणजे ज्याच्याकडे कर्म नाही असा. हिंदीत त्याचा निकम्मा झाला, मराठीत निकामी. जो काम करत नाही तो नुसता रिकामा नाही, तो मोडलेल्या पंख्यासारखा फेकून देण्याच्या लायकीचा. तिकडे इच्छा नसलेला 'निष्काम' मात्र संतपदाला पोचला. दोन्ही शब्दांत काम आहे, एक कर्मातून आलेलं, दुसरं कामनेतून आलेलं. इच्छा सोडली तर मोक्ष, कर्म सोडलं तर भंगार.

या सगळ्याचा परिणाम आपल्या क्रियापदांवर झाला आहे. दुपारी कुणाला फोन केला, आवाज जड आला, आणि "झोपला होतास का?" विचारलं, तर शंभरातले नव्वद जण "छे छे, जागाच होतो" म्हणतात. उरलेले दहा काय म्हणतात ते ऐका: जरा पडलो होतो, जरा आडवा झालो, पाठ टेकली होती, कलंडलो, लवंडलो, डोळा लागला. यात 'झोपलो' कुठेच नाही. पडणं, कलंडणं, लवंडणं हे अपघात आहेत. माठ कलंडतो, तांब्या लवंडतो, त्यात त्याचा दोष नसतो. "डोळा लागला" या वाक्यात तर मी कर्तासुद्धा नाही. डोळ्याने परस्पर काहीतरी केलं, मला नंतर समजलं. दिवसाच्या झोपेची कबुली देताना मराठी माणूस व्याकरणाचा आडोसा घेतो. आणि वर 'जरा' हा शब्द असतोच. बाई असेल तर तो दोनदा येतो. मागचं सगळं आवरून, ओटा पुसून ती अडीच वाजता पाठ टेकते, तरी दार वाजलं की पदर सावरत "अगं जरा पडले होते जरा" म्हणत उठते. तिच्या वाट्याला पूर्वी महिन्याचे चार दिवस सक्तीचे बसणं असे. त्या प्रथेचं समर्थन करणारे ती विश्रांती होती असं सांगतात. विटाळ झाल्याशिवाय बाईला बसू देता येत नव्हतं, हे त्या घराबद्दल काय सांगतं, यावर मात्र ते बोलत नाहीत.

शिकलेल्या पुरुषांनी वेगळा मार्ग काढला. त्यांनी झोपेला संस्कृत नाव दिलं, वामकुक्षी. डाव्या कुशीवर होणं. एवढं म्हटलं की झोप शास्त्रोक्त होते. गंमत म्हणजे शास्त्र फारसं अनुकूल नाही. चरकसंहितेचं सूत्रस्थान दिवसा झोपायला उन्हाळा सोडून बंदी करतं. पण मग अपवादांची यादी येते: बालक, वृद्ध, कृश, गाऊन दमलेले, अध्ययनाने दमलेले, ओझं वाहून किंवा चालून थकलेले, रात्री जागलेले, राग, शोक, भय यांनी ग्लान झालेले. आणि शेवटी, ज्यांना दिवसा झोपायची सवयच आहे ते. ही यादी वाचून झाल्यावर बंदी नेमकी कुणावर उरते, याचा शोध घ्यावा लागेल. चरकाला माणसं ठाऊक होती.

आळसाची गोष्ट वेगळी. आरामाला आणि आळसाला आपण एकाच पारड्यात टाकतो, पण शब्द तसं म्हणत नाहीत. अलस म्हणजे अ-लस. लस् म्हणजे चमकणं, खेळणं, नाचणं. लास्य, विलास, उल्लास हे सगळे लस् चे. मग अलस कोण? ज्याच्यात चमक नाही, खेळ नाही, तो. म्हणजे आळसाच्या विरुद्ध टोकाला श्रम नसून उल्लास आहे. या हिशोबाने सुटीत झाडाखाली लोळून मुलांना भुताच्या गोष्टी सांगणारा आळशी ठरत नाही, आणि सलग बारा तास पडद्यापुढे बसून निस्तेज डोळ्यांनी तक्ते भरणारा ठरू शकतो. 'ऐदी'ची कथाही अशीच अनपेक्षित. मोगलांकडे अहदी नावाचे शिपाई असत. अहद म्हणजे एक. हे एकेकटे, कुणा सरदाराच्या हाताखाली नसलेले, थेट बादशहाचे चाकर. मानाची जागा, बरा पगार. पण नेमून दिलेलं काम बेताचं. लोकांनी त्यांना बघून बघून शब्दाचा अर्थच फिरवला. पगारी आणि प्रतिष्ठित रिकामपणावरचा हा राग समजण्यासारखा आहे. त्यात पाठ टेकलेल्या हमालाला मात्र ओढू नये.

भाषा एकाच बाजूने बोलत नाही हेही सांगायला हवं. रिकाम्या माणसाला मराठीने झोडपलं, तसंच उगाच कामात असणाऱ्यालाही सोडलं नाही. 'उद्योग' म्हणजे उद् + युज्, जुंपून घेणं. संस्कृतात प्रतिष्ठित शब्द. पण आई पोराला "काय उद्योग करून ठेवलेस?" विचारते तेव्हा तिला कारखानदारी अभिप्रेत नसते. नसते उद्योग, उठाठेव, उपद्व्याप, लष्कराच्या भाकऱ्या: ही सगळी उत्साही माणसांसाठी राखून ठेवलेली शेलकी विशेषणं आहेत. रिकामा न्हावी भिंतीला तुंबड्या लावतो, या म्हणीतला विनोद नीट पाहिला तर न्हाव्याच्या रिकामपणाचा नाही. तो गप्प बसू शकत नाही, याचा आहे. तुंबडी हे अंगातलं दूषित रक्त काढायचं साधन, आणि भिंतीला रक्त नसतं. आज अशा तुंबड्या लावण्याला सुटीच्या दिवसाचं नियोजन म्हणतात.

अलीकडे आलेल्या शब्दांबद्दल मी फार सहनशील नाही. "गोव्याला जाऊन रिचार्ज होऊन आलो" असं लोक म्हणतात. रिचार्ज फोन होतो, तोही पुन्हा वापरण्यासाठी. 'ब्रेक' दोन कामांच्या मध्ये येतो. 'मी टाइम' नावाचा प्रकार वेळापत्रकात रकाना आखून भरावा लागतो. मनगटावरचं घड्याळ सकाळी झोपेला गुण देतं, आणि कमी पडले की माणूस झोपेबद्दलही खजील होतो. म्हणजे जागेपणीचा अपराध आता अंथरुणातही पोचला. या शब्दांत विश्रांती ही कामाची नोकर आहे. 'रजे'त निदान धनी समोर तरी होता. आता तो आतच बसलाय, अर्ज कुणाकडे करायचा?

यापेक्षा एक जुना शब्द बरा होता, 'अनध्याय'. वेदपाठशाळेत अष्टमी, चतुर्दशी, पौर्णिमा, अमावास्या आणि प्रतिपदा या तिथींना अध्ययन बंद. शिवाय वीज कडाडली, धुळीचं वादळ उठलं, कोल्हे ओरडले, घरी थोर पाहुणा आला, तरी बंद. नुसती सूट नव्हती, अभ्यास केला तर दोष लागे. रामायणाच्या सुंदरकांडात हनुमान परत येऊन सीतेच्या कृश झालेल्या देहाचं वर्णन करतो तेव्हा उपमा देतो ती प्रतिपदेलाही पाठ करणाऱ्याच्या विद्येची. थांबायच्या दिवशी न थांबणाऱ्याची विद्या झिजते, हे त्या काळच्या श्रोत्याला समजावून सांगावं लागत नव्हतं.

अर्थात अनध्याय त्यालाच, ज्याला अध्ययनाचा अधिकार. बाकीच्यांना तो नव्हता, म्हणून सुटीही नव्हती. शेतकऱ्याला अमावास्येला औत धरायचं नाही असा रिवाज अनेक गावांत होता, पण तो बैलांच्या निमित्ताने. मुंबईच्या गिरण्यांत तर बैलाइतकीही सोय नव्हती. तिथे रविवार मागावा लागला. सत्यशोधक आणि 'दीनबंधु'कार नारायण मेघाजी लोखंडे यांनी १८८४ मध्ये कामगारांच्या सभा भरवल्या आणि सुमारे ५,५०० कामगारांच्या सह्यांचं निवेदन फॅक्टरी कमिशनपुढे ठेवलं. रविवार हा खंडोबाचा वार, हेही कारण त्यामागे सांगतात. गिरणीमालकांनी साप्ताहिक सुटी मान्य केली ती १० जून १८९० रोजी. आपण ज्या रविवारी अपराधी वाटून लॅपटॉप उघडतो, तो रविवार असा सहा वर्षं भांडून आणलेला आहे.

त्या निवेदनातली दुसरी मागणी होती, काम सकाळी साडेसहाला सुरू व्हावं, सूर्यास्ताला थांबावं, आणि दुपारी अर्धा तास विश्रांती मिळावी. रविवार वगळून सहा दिवसांची बेरीज केली तर आठवड्याचे साधारण ७० तास होतात. १८८४ मध्ये पिचलेल्या गिरणी कामगारांनी दिलासा म्हणून मागितलेला आकडा हा. ऑक्टोबर २०२३ मध्ये नारायण मूर्तींनी देशाच्या तरुणांपुढे आदर्श म्हणून ठेवला तोही हाच, आणि जानेवारी २०२५ मध्ये आणखी एका उद्योगप्रमुखांनी तो ९० वर नेऊन रविवारही कामाला हवा असल्याचं बोलून दाखवलं. तेव्हा येत्या रविवारी दुपारी फोन वाजला आणि पलीकडून कुणी "झोपला होतास का?" असं विचारलं, तर "हो, झोपलो होतो" एवढंच म्हणावं. 'जरा' लावू नये.